डिफॉल्टमध्ये काय बसवायचं, काय नाही: अभ्यासिकेतल्या बारा संगणकांसाठी डेबियनची यादी

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण मुंबईतल्या अभ्यासिकांत, शाळांत आणि मंडळांच्या वाचनालयांत चौथ्या-पाचव्या पिढीचे आय-थ्री अजून ठणठणीत आहेत. विंडोज ११ त्यांना दारात उभं करत नाही. त्याला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. मग लॅमिंग्टन रोडवरून एसएसडी आणून लिनक्स चढवणं ओघानंच आलं. चढवायला तासभर पुरतो. वाद पेटतो तो त्यानंतर: सगळ्या मशीनवर पहिल्या दिवसापासून काय काय असायला हवं? प्रत्येक जण आपापलं लाडकं सॉफ्टवेअर सुचवतो आणि यादी रुखवतासारखी सजत जाते.

इथे उदाहरण एकच धरलं आहे. १२ मशीन, प्रत्येकी ४ जीबी रॅम आणि १२० जीबी एसएसडी, एक लेझर प्रिंटर, एक स्कॅनर, एक ब्रॉडबँड जोडणी. सिस्टम डेबियन १३ (लिनक्सचं एक वितरण), डेस्कटॉप एक्सएफसीई (हलका, जुन्या मशीनला झेपणारा). येणारी मंडळी स्पर्धा परीक्षांची आणि अकरावी-बारावीची मुलं, शिवाय ऑनलाइन फॉर्म भरायला येणारे शेजारीपाजारी. आज्ञा आणि पॅकेजांची (बसवायला तयार सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांची) नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाइप करायची.

प्रश्न बदला

"हे उपयोगी आहे का?" हा प्रश्न बैठकीतून हद्दपार करा. डेबियनच्या भांडारात हजारो पॅकेजं आहेत आणि प्रत्येक कुणाला ना कुणाला उपयोगी आहे. विचारायचं ते असं: ज्या क्षणी याची गरज पडेल, त्या क्षणी ते आणता येईल का?

नेटवर्क कार्ड ओळखलं जात नाहीये आणि कार्ड कुठल्या कंपनीचं आहे ते बघायचंय. त्यासाठी एलएसपीसीआय ही आज्ञा लागते, ती पीसीआययूटिल्स पॅकेजात असते. ते मशीनवर नसेल तर नेटवरून आणावं लागेल, आणि नेटच तर बंद आहे. म्हणून हे चिमुकलं अवजार चर्चेविना आत. चित्रं काढायच्या इंकस्केपचं उलटं आहे. पोस्टर करायचं असेल तेव्हा नेट चालू असेल, दोन-पाच मिनिटांत उतरेल, म्हणून बाहेर. त्यात इंकस्केपचा अपमान नाही.

या प्रश्नात न बसणाऱ्या गोष्टींना दुसरा प्रश्न: पहिल्या आठवड्यात बाराच्या बारा मशीनवर लागणार का? ब्राउझर, पीडीएफ बघायचं साधन, मराठी टायपिंग इथून आत येतात. उरलेल्यांना आणखी दोन चाळण्या. याचे सुरक्षा-अपडेट कोण देतंय? आणि हे बसवल्यानं बाहेरच्याला एखादं दार उघडं मिळतंय का?

डेबियनचे जाणकार हाच विचार फार आधीपासून करत आले आहेत. तिथे प्रत्येक पॅकेजाला अग्रक्रम असतो: रिक्वायर्ड, इम्पॉर्टंट, स्टँडर्ड, ऑप्शनल. 'इम्पॉर्टंट'ची धोरणातली व्याख्या मजेशीर आहे. युनिक्स मुरलेला माणूस मशीनवर बसला, एखादी वस्तू सापडली नाही आणि "अरे, हे कुठे गेलं?" असं त्याच्या तोंडून निघालं, तर ती वस्तू इम्पॉर्टंट. कसोटी चांगली आहे, पण आपल्या अभ्यासिकेत तो मुरलेला माणूस बसणार नाही. तिथे बसणाऱ्याच्या तोंडून कशाबद्दल "हे कुठे गेलं?" निघेल, ते आपल्याला शोधायचंय.

पायरी १: पाया लहान ठेवा

नेटइन्स्टची (बाकीचं नेटवरून आणणाऱ्या छोट्या इन्स्टॉलरची) प्रतिमा पेनड्राइव्हवर घ्या. इन्स्टॉलर शेवटी कामांची यादी दाखवतो तिथे डेस्कटॉपवरच्या सगळ्या खुणा काढा आणि फक्त 'स्टँडर्ड सिस्टम युटिलिटीज' ठेवा. डेस्कटॉप नंतर हातानं घालायचा. यादीतून एक्सएफसीई निवडलं तर त्यासोबत लिबरऑफिसपासून बरंच काही न विचारता येतं, आणि काय कशामुळे आलं याचा माग लागत नाही. रूटचा (सर्वाधिकारी खात्याचा) पासवर्ड रिकामा सोडा, म्हणजे इन्स्टॉलर सुडो (साध्या वापरकर्त्याला रूटचे अधिकार देणारी आज्ञा) बसवून पहिल्या वापरकर्त्याला त्यात घालतो. रूटला पासवर्ड दिलात तर सुडो येत नाही, आणि पहिल्याच संध्याकाळी "सुडो चालत नाही" म्हणून शोधाशोध होते.

पहिल्या रीबूटनंतर, काहीही बसवायच्या आधी, एपीटी-मार्क शोमॅन्युअल (मुद्दाम बसवलेल्या पॅकेजांची यादी) चालवून निकाल फाइलीत साठवा. डीपीकेजी-क्वेरीनं पॅकेजांची यादी आकारासकट काढून तीही ठेवा. पुढे काही वाढलं की याच दोन फाइलींशी ताडून बघायचं.

आता डेस्कटॉप. इथे हमखास होणारी चूक म्हणजे काटकसरीच्या भरात 'नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स' लावणं. एपीटी (डेबियनचं पॅकेजं बसवायचं साधन) शिफारस केलेली पॅकेजं आपोआप बसवतो. २००९ मधल्या लेनी या आवृत्तीपासून हीच पद्धत आहे. ती बंद केली की एक्सएफसीई आणि लाइटडीएम (लॉगिनचा पडदा) बसतात, पण एक्स सर्व्हर (पडद्यावर चित्र उमटवणारा भाग) येत नाही, कारण तो फक्त शिफारशीनं येणार होता. रीबूट केलं की काळा पडदा. तो घातला तरी पुढे आवाज नसतो, आणि अँड्रॉइड फोन केबलनं जोडला तर थुनार या फाइल-व्यवस्थापकात दिसत नाही, कारण जीव्हीएफएस-बॅकएंड्स राहिलेलं असतं. चार-सहा हेलपाटे घातल्यावर सगळ्या शिफारशी परत आलेल्या असतात.

त्याऐवजी शिफारशी चालू ठेवा, आधी एपीटी-गेट 'सिम्युलेट' पर्यायासह चालवून काय काय येणार ते वाचा आणि नको असलेलं नावानिशी नाकारा. एपीटीच्या आज्ञेत पॅकेजाच्या नावाला शेवटी वजाचं चिन्ह जोडलं की ते बसत नाही. "कप्स-ब्राउज्ड-" असं.

पायरी २: दुरुस्तीची पेटी

ही पेटी पहिल्या प्रश्नावर उभी आहे, म्हणून इथे हात आखडू नका. पीसीआययूटिल्स, यूएसबीयूटिल्स, ईथटूल, वायफाय असेल तर आयडब्ल्यू. नाव-पत्ता तपासायला बाइंड९-डीएनएसयूटिल्स, रस्ता तपासायला एमटीआर-टायनी. डिस्कची तब्येत बघायला स्मार्टमॉनटूल्स. रॅमची शंका आली तर मेमटेस्ट८६-प्लस, जे ग्रबच्या (मशीन सुरू होतानाच्या) मेनूतूनच चालतं. पेनड्राइव्हसाठी डॉसएफएसटूल्स, एक्सफॅटप्रॉग्ज आणि एनटीएफएस-३जी. एक्सफॅट वाचणं कर्नललाच जमतं, पण पेनड्राइव्ह झटक्यानं ओढून काढल्यावर ती दुरुस्त करायला एक्सफॅटप्रॉग्ज लागतं, आणि अभ्यासिकेत पेनड्राइव्ह झटक्यानंच ओढली जाते. संपादक म्हणून नॅनो पुरेसा. व्हिमचे भक्त स्वतः बसवून घेतील.

आयएफकॉन्फिग या नेटवर्कच्या जुन्या आज्ञेवरून वाद होईलच. ती ज्यात असते ते नेट-टूल्स पॅकेज डेबियननं २०१७ च्या स्ट्रेचपासून डिफॉल्टमधून वगळलं. त्याची जागा आयपी या आज्ञेनं घेतली. जुनी सवय असलेल्यांसाठी ते परत घालायचं का? घालू नका. एका कामाला दोन अवजारं ठेवली की शिकवणारा एक दाखवतो आणि शिकणाऱ्याला दुसरं सापडतं. भिंतीवर चार ओळींचा कागद चिकटवा, डाव्या बाजूला जुनी आज्ञा, उजव्या बाजूला नवी.

घड्याळाकडे मात्र जरा थांबून बघायला हवं. दहा वर्षं जुन्या मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी बहुधा मेलेली असते. रात्री मेन स्विच बंद झाला की सकाळी मशीन तारीख विसरतं आणि बोर्डाच्या कारखान्यातल्या तारखेवर जातं. मग ब्राउझर प्रत्येक साइटवर प्रमाणपत्राची लाल पाटी दाखवतो, आणि एपीटी सांगतो की भांडाराची रिलीज फाइल "अजून वैध नाही". माणूस इंटरनेटला, राउटरला, शेवटी लिनक्सला दोष देतो. सिस्टमडी-टाइमसिंकडी डिफॉल्टमध्ये असेल तर चूक बरीच लहान होते, कारण ते शेवटची माहीत असलेली वेळ डिस्कवर नोंदवून ठेवतं आणि सुरू होताना घड्याळ त्याच्या मागे जाऊ देत नाही. नेट मिळालं की खरी वेळ आणतं. पण हे पॅकेज आता वेगळं असतं आणि सिस्टमडीच्या (मशीन सुरू करून सेवा सांभाळणाऱ्या भागाच्या) फक्त शिफारशीत येतं, म्हणून टाइमडेटसीटीएल चालवून ते खरंच चालू आहे ना, बघा. राउटरवर यूडीपी १२३ (वेळ आणायचं पोर्ट) अडवलेलं नसावं. आणि बारा बॅटऱ्या बदला. पॅकेजांच्या यादीत त्या येत नाहीत, पण खरी दुरुस्ती तीच.

पायरी ३: मराठी

ही जोड म्हणून नंतर घालायची गोष्ट नाही. लोकेल्समध्ये (भाषा-प्रदेशाच्या मांडणीत) एमआर-आयएन यूटीएफ-८ तयार करा. फॉन्टसाठी फॉन्ट्स-लोहित-देवा आणि फॉन्ट्स-नोटो-कोअर पुरतात. नुसतं फॉन्ट्स-नोटो मागितलंत तर चिनी-जपानी अक्षरांचा भलाथोरला गठ्ठाही शिफारशीतून येऊ शकतो. लिबरऑफिस आणि फायरफॉक्स ईएसआर यांची मराठी रूपं वेगळ्या एल१०एन पॅकेजांत असतात, ती घाला. मेनू मराठीत हवे की इंग्रजीत, हे मात्र बसणाऱ्यावर सोडा. परीक्षेच्या संगणकावर मेनू इंग्रजीतच भेटणार आहेत.

कळफलकाची मांडणी इटीसी डिरेक्टरीमधल्या डिफॉल्ट-कीबोर्ड फाइलीत एकदाच लिहा: लेआउटमध्ये "यूएस, स्वल्पविराम, आयएन", व्हेरियंटमध्ये "स्वल्पविराम, मराठी", आणि बदलायला ऑल्ट-शिफ्ट. व्हेरियंटमधला सुरुवातीचा स्वल्पविराम विसरू नका. तो गेला की 'मराठी' हे रूप अमेरिकन मांडणीला चिकटतं, तिथे असं रूपच नसल्यामुळे सगळी मांडणी फसते, आणि तुम्ही फॉन्टमध्ये चूक शोधत बसता. यूएस पहिली ठेवायचं कारणही व्यवहाराचं आहे. लॉगिनच्या पडद्यावर देवनागरी चालू राहिली तर पासवर्ड बरोबर असूनही चुकतो, आणि ठिपक्यांमागे काय उमटतंय ते दिसत नाही. इनस्क्रिप्ट मांडणी न येणाऱ्यांसाठी आयबस-एम१७एन घाला. त्यात उच्चारानुसार टाइप करायची सोय आहे.

लिबरऑफिसमध्ये दस्तऐवजाची भाषा मराठी निवडलेली नसेल तर लोहितसारख्या फॉन्टमध्येही 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे उमटतात. साचा तयार करून त्यात भाषा मराठी ठेवा आणि तोच सगळीकडे द्या. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांतल्या फाइली उघडल्यावर दिसणारी गिचमिड मात्र कुठल्याही पॅकेजानं सुटत नाही. त्यासाठी मजकूर रूपांतरित करावा लागतो, ते डिफॉल्टचं काम नव्हे.

पायरी ४: फॉर्मची पेटी

कुठल्याही परदेशी वितरणाच्या यादीत ही पेटी सापडणार नाही. इथे मात्र अर्ध्याहून जास्त माणसं हिच्याचसाठी येतील.

नमुना म्हणून बँकभरती घ्या. कांदिवलीला मुख्यालय असलेल्या आयबीपीएसच्या अर्जात फोटो २०० बाय २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी, सही १४० बाय ६० पिक्सेल आणि १० ते २० केबी, डाव्या अंगठ्याचा ठसा २४० बाय २४० पिक्सेल, आणि हातानं लिहिलेलं घोषणापत्र ८०० बाय ४०० पिक्सेल व ५० ते १०० केबी असं मागतात. ही मापं दर वेळी जाहिरातीत ताडून बघा. फोनवरचा फोटो ३-४ एमबीचा असतो. शेवटच्या दिवशी रात्री साडेदहाला, रांगेत चार जण उभे असताना, हे काम करायला साधन मशीनवरच असायला हवं. नेट चालू असतं हे खरं, पण त्या वेळी सुडोचा पासवर्ड माहीत असलेला माणूस तिथे नसतो. पहिला प्रश्न इथे वेगळ्या कारणानं लागू पडतो.

चित्रांची मापं बदलणारं इमेजमॅजिक घाला. रीसाइझला "२०० बाय २३०" दिलं तर ते प्रमाण राखतं आणि एखादी बाजू लहान येते. पुढे उद्गारचिन्ह लावलं तर माप अचूक येतं, पण चेहरा ताणला जातो. बरोबर रीत अशी: मापापुढे घुमटीचं चिन्ह (^) लावून फोटो त्या चौकटीपेक्षा किंचित मोठा करायचा, ग्रॅव्हिटी 'सेंटर' ठेवायची आणि 'एक्स्टेंट'नं २०० बाय २३० कापायचं. वजनासाठी 'डिफाइन'मध्ये जेपेग-एक्स्टेंट ५०केबी. गोची पुढे आहे: ही मर्यादा फक्त वरची असते. इतका लहान फोटो सहज १२ केबीचा होतो आणि फॉर्म तो "२० केबीपेक्षा कमी" म्हणून परत करतो. तेव्हा क्वालिटी ९५ च्या वर न्यायची. हे सगळं दोन ओळींच्या स्क्रिप्टमध्ये घालून डेस्कटॉपवर 'फोटो' आणि 'सही' अशी दोन चिन्हं ठेवा. फाइल त्यावर ओढून सोडली की काम झालं पाहिजे. इतकं केलं नाही तर माणसं अनोळखी साइटवर आपला फोटो आणि आधारकार्ड चढवून लहान करून घेतात.

पीडीएफसाठी घोस्टस्क्रिप्ट, पॉप्लर-यूटिल्स आणि पानं मागेपुढे करायला पीडीएफ-अरेंजर. घोस्टस्क्रिप्टच्या पीडीएफसेटिंग्जमध्ये 'ईबुक' म्हणजे चित्रं १५० डीपीआयवर, 'स्क्रीन' म्हणजे ७२ वर. गुणपत्रिकेला 'ईबुक'च वापरा. 'स्क्रीन'वर आसनक्रमांक पुसट होतो. पीडीएफचं चित्र करताना इमेजमॅजिक "सुरक्षा धोरणानुसार परवानगी नाही" म्हणाला तर दचकू नका. घोस्टस्क्रिप्टमधल्या जुन्या भोकांमुळे त्याच्या धोरण-फाइलीत पीडीएफ वाचणं अनेकदा बंद ठेवलेलं असतं. ते धोरण उघडू नका. पॉप्लरमधलं पीडीएफटूपीपीएम हेच काम नीट करतं.

स्कॅनिंगला सिंपल-स्कॅन. इथे डेबियन १३ मधला एक बदल आडवा येतो: नव्या इन्स्टॉलमध्ये टीएमपी ही डिरेक्टरी डिस्कवर नसून रॅममध्ये असते आणि निम्म्या रॅमपर्यंत फुगू शकते. ए-४ चं एक रंगीत पान ३०० डीपीआयला कच्च्या रूपात २६ एमबी भरतं. तात्पुरत्या फाइली टीएमपीत टाकणाऱ्या साधनांनी ४०-५० पानं घेतली की ४ जीबीच्या मशीनची धाप लागते. टीएमपी-डॉट-माउंट हे युनिट सिस्टमसीटीएलनं मास्क करून रीबूट केलं की ती डिरेक्टरी पुन्हा डिस्कवर जाते. स्कॅनरवाल्या मशीनवर ते करून टाका.

प्रिंटर विकत घ्यायच्या आधी तो लिनक्सवर चालतो का ते बघा. सायबर कॅफेत सर्रास दिसणारा कॅननचा एलबीपी२९०० कॅप्ट ही स्वतःची भाषा बोलतो. त्याला पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल या रूढ प्रिंटर-भाषा कळत नाहीत, म्हणून कप्स या छपाई-व्यवस्थेच्या सर्वसाधारण ड्रायव्हरवर तो चालत नाही. आयपीपी एव्हरीव्हेअर किंवा एअरप्रिंट लिहिलेला प्रिंटर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतो.

काय नाकारायचं

सप्टेंबर २०२४ मध्ये कप्स-ब्राउज्डमधलं भोक उघडकीला आलं. हे लहानसं साधन नेटवर्कवरचे प्रिंटर शोधायला यूडीपी ६३१ वर कान लावून बसतं आणि कुणीही पाठवलेल्या निरोपावर विश्वास ठेवत होतं. एकच प्रिंटर, त्याचा पत्ता ठरलेला, तर ते कशाला? नाकारा. एसएसएच सर्व्हर (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करू देणारी सेवा) बाराही मशीनवर नको. दूरवरून सांभाळायचं असेल तर ठेवा, पण किल्लीनंच प्रवेश आणि पासवर्ड बंद. मार्च २०२४ मधलं एक्सझेडचं प्रकरण (५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्या) आठवा: फाइली दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीत घुसवलेली चोरवाट एसएसएचच्या सर्व्हरपर्यंत पोचत होती, कारण मधे दुसऱ्याच सोयीसाठी एक जोडणी केलेली होती. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ते पोचलं नाही, पण साखळी कशी लांबते ते दिसलं.

जानेवारी २०२२ मधलं पीकेएक्झेकचं भोक याहून बोलकं. ती आज्ञा रूटच्या अधिकारानं चालते, जवळपास प्रत्येक वितरणात डिफॉल्टनं होती, आणि चूक २००९ पासून आत होती. त्यातल्या किती मशीनांना ती खरोखर लागत होती? बुकवर्मपासून (डेबियन १२) डेबियननं पीकेएक्झेक वेगळ्या पॅकेजात काढलं, त्यामुळे आता ते न बसवण्याची मुभा आहे. जीपार्टेड, सिनॅप्टिकसारखी साधनं त्यावर अवलंबून असतात, आणि ती अभ्यासिकेत कुणी उघडावीत असंही नाही. तपासायला फाइंड आज्ञेत 'पर्म वजा ४०००' आणि 'एक्सडेव्ह' घालून सेटयूआयडी फाइलींची (कुणीही चालवल्या तरी मालकाच्या, बहुधा रूटच्या, अधिकारानं चालणाऱ्या) यादी काढा. एसयू, सुडो, पासडब्ल्यूडी, माउंट, न्यूग्रुप असली ओळखीची नावं दिसतील. अनोळखी नाव दिसलं तर ते कुठल्या पॅकेजातून आलं ते डीपीकेजी 'सर्च' सांगतो.

कंपायलर? घुसखोराला मदत होते म्हणून जीसीसी नको, हा युक्तिवाद लंगडा आहे. तो स्वतःचा तयार प्रोग्राम आणू शकतो. लॅबमध्ये सी शिकवत असाल तर घाला, नाहीतर जागा आणि अपडेट वाचवायला नको. पायथन स्टँडर्डमध्ये येतोच. खेळ, मेल सर्व्हर, दुसरा ब्राउझर, तिसरा संगीतवादक: नाही. एक व्हिडिओ प्लेअर मात्र हवा. पवईच्या आयआयटीतल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मराठीतले पाठ पेनड्राइव्हवर घेऊन ऑफलाइन दाखवता येतात.

एका कामाला एकच अवजार, हा दंडक उबुंटूनं २००४ मध्ये स्वतःला घालून घेतला तेव्हा सगळं ७०० एमबीच्या एका सीडीत बसवायचं होतं. १०.०४ मध्ये गिम्पला त्यांनी डिफॉल्टमधून काढलं तेव्हा बराच गलका झाला. सीडीची मर्यादा गेल्यावर यादी सैलावली, आणि २३.१० मध्ये परत लहान यादीच डिफॉल्ट झाली. जागा मुबलक असली की शिस्त आपली आपण लावावी लागते. दहा बाय बाराच्या खोलीत ती आपोआप लागते.

पायरी ५: मोजा

डीपीकेजी-क्वेरीचा निकाल आकारानुसार लावा आणि वरच्या वीस ओळी वाचा. लिबरऑफिस, फायरफॉक्स, फर्मवेअर, फॉन्ट अपेक्षित आहेत. न ओळखता येणारं नाव दिसलं की 'ॲप्टिट्यूड व्हाय' विचारा, ते कशामुळे आलं ते कळेल. मग एसएस आज्ञा 'टीयूएलपीएन' पर्यायांसह चालवा. बाहेरच्या पत्त्यावर ऐकत बसलेल्या प्रत्येक ओळीपुढे कारण लिहिता आलं पाहिजे. कारण सुचलं नाही तर ती सेवा यादीतून गेली. चेक-सपोर्ट-स्टेटस चालवल्यावर ज्यांना डेबियनकडून सुरक्षा-आधार मर्यादित मिळतो ती पॅकेजं कळतात. हे साधन डेबियन-सिक्युरिटी-सपोर्टमध्ये आहे.

पायरी ६: यादीचं पॅकेज करा

यादी वहीत राहिली तर तिसऱ्या मशीनपर्यंत बदललेली असते. ईक्विव्हस वापरा. ईक्विव्हस-कंट्रोल कोरा फॉर्म देतो. त्यात नाव, आवृत्ती आणि अवलंबनं भरली की ईक्विव्हस-बिल्ड एक डेब फाइल बनवतो. नाव 'अभ्यासिका-मूळ' असं काही.

सगळं 'डिपेंड्स'मध्ये घालायचा मोह होतो, तो आवरा. डिपेंड्समधली एक वस्तू कुणी काढली की तुमचं मेटापॅकेज (नुसत्या यादीचं पॅकेज) तिच्यासोबत जातं, आणि पुढच्या ऑटोरिमूव्हला (गरज न उरलेली पॅकेजं काढणाऱ्या आज्ञेला) बाकीची सगळी अनाथ ठरून जायला निघतात. दुरुस्तीची पेटी, घड्याळ आणि मराठी डिपेंड्समध्ये. फॉर्मची पेटी, ऑफिस, प्लेअर रेकमेंड्समध्ये. रेकमेंड्समधली वस्तू काढली तरी मेटापॅकेज जागेवर राहतं. पुढची आवृत्ती काढताना त्यात नव्यानं घातलेली शिफारस बसते, पण आधी काढून टाकलेली परत येत नाही, आणि तेच बरं.

बारा मशीनवर हेच उतरवायचं तर एका मशीनवर एपीटी-कॅशर-एनजी बसवा. ते ३१४२ पोर्टवर ऐकतं, एकदा उतरलेलं पॅकेज बाकीच्यांना घरातूनच देतं. भांडाराचे पत्ते एचटीटीपीएसनं लिहिले तर साठवण होत नाही, सगळं बाहेरूनच येतं. साधं एचटीटीपी ठेवा, पॅकेजांची सही एपीटी तपासतोच. इन्स्टॉलरला प्रीसीड फाइल (प्रश्नांची उत्तरं आधीच लिहिलेली) देताना मिरर-एचटीटीपी-प्रॉक्सीमध्ये हाच पत्ता आणि टास्कसेल-फर्स्टमध्ये स्टँडर्ड.

आपोआप अपडेट बसवणारं अनअटेंडेड-अपग्रेड्स यादीत हवंच. त्याचा टायमर सकाळी सहाच्या सुमाराचा असतो आणि तेव्हा मशीन बंद असतात, म्हणून चालू केल्यावर थोड्या वेळानं बाराही एकदम अपडेट मागतात. कॅशर असल्यानं ब्रॉडबँड वाचतं. धोका संध्याकाळी आहे. कुणी अपडेट चालू असतानाच मेन स्विच पाडला तर डीपीकेजी अर्धवट राहतो आणि पुढे काहीच बसत नाही. 'डीपीकेजी कॉन्फिगर, वजा ए' या आज्ञेनं ते सावरतं. ही ओळही भिंतीवरच्या कागदावर हवी.

पायरी ७: तीन चाचण्या

नेटची केबल काढा. आता मशीनवर काय काय करता येतं? कार्ड ओळखता आलं पाहिजे, पेनड्राइव्ह दुरुस्त झाली पाहिजे, मॅन पानं उघडली पाहिजेत, सही छोटी करून पीडीएफमध्ये घालता आली पाहिजे.

संगणकाशी फारसं नातं नसलेल्या एखाद्याला बसवा, फोन आणि केबल हातात द्या, आणि "फोटो पन्नास केबीचा करा" एवढंच सांगा. मागे उभं राहून सुचवायचं नाही. तो कुठे अडतो ते लिहून घ्या. बहुतेक वेळा पॅकेज असतं, चिन्ह सापडत नाही.

तिसरी: सगळं जोडलेलं असताना मशीनची वीज तोडा, परत द्या. घड्याळ, डिस्क, लॉगिन, कळफलक बघा. जुलैत ही चाचणी फुकट होते, पण तोवर थांबू नका.

काढायची वेळ आली की

तीन महिन्यांनी पॉप्युलॅरिटी-कॉन्टेस्ट (कुठलं पॅकेज वापरात आहे ते बघणारं साधन) एकदा स्थानिक चालवा, बाहेर काही न पाठवता. महिन्याभरात हात न लागलेल्या पॅकेजांपुढे 'ओल्ड' अशी खूण येते. फाइल शेवटची कधी वाचली गेली यावरून ते ठरतं, म्हणून डिस्क नोएटाइमनं (वाचल्याची वेळ न नोंदवणाऱ्या पर्यायानं) जोडली असेल तर निकाल बिनकामाचा. दुरुस्तीच्या पेटीला ही खूण दिसणारच, तिच्यावरून तिला काढू नका.

लोकांच्या हातातलं काही काढणार असाल तर पर्याय आधी बसवा आणि दोन्ही एक महिनाभर राहू द्या. फ्रीबीएसडी या युनिक्स-वळणाच्या दुसऱ्या सिस्टमनं २०१४ च्या १०.० मध्ये बाइंड हा नाव-पत्त्यांचा सर्व्हर मूळ सिस्टममधून काढला तेव्हा नावं शोधायला अनबाउंड दिला, आणि ज्यांना पूर्ण बाइंडच हवा त्यांच्यासाठी तो पोर्ट्समध्ये (वेगळ्यानं बसवायच्या सॉफ्टवेअरच्या संग्रहात) राहिला. तेच इथे करायचं: मेटापॅकेजाच्या नव्या आवृत्तीतून नाव काढा, बदलाच्या नोंदीत एक ओळ लिहा, मशीनवरून लगेच काढू नका. महिन्यानं ऑटोरिमूव्ह सिम्युलेट करून यादी वाचा, मग चालवा. शेवटी डीपीकेजीच्या यादीत 'आरसी' अशी खूण राहिलेली पॅकेजं बघा. ती गेलेली असतात, पण त्यांच्या मांडणीच्या फाइली इटीसीत तशाच पडून असतात. एपीटी पर्जला '~सी' हा नमुना अवतरणचिन्हांत दिला की त्याही साफ होतात.